सकाळी नावं विसरणारा सर्व्हर

मंगळवार, १२ नोव्हेंबर

नवऱ्याने, विक्रांतने, आज जेवताना हात जोडले. म्हणाला, "सुखदा, त्या सर्व्हरचं नाव काढू नकोस आता. वाटलं तर लिहून काढ." म्हणून ही बँकेची डायरी. जानेवारीपासून कपाटात कोरी पडली होती.

तर लिहिते. आमच्या कंपनीच्या पॅथॉलॉजी लॅब आहेत. मुख्य लॅब आणि ऑफिस नोएडाला, रक्त घ्यायची केंद्रं दिल्लीभर आणि आसपासच्या शहरांत पसरलेली. केंद्रावरचा माणूस संगणकावर 'रिपोर्ट' किंवा 'बिलिंग' उघडतो, तेव्हा त्या नावाचं मशीन नेमकं कुठे आहे हे सांगायचं काम माझ्या डीएनएस सर्व्हरचं. नाव सांगा, पत्ता घ्या. त्याला स्वतःला काही पाठ नसतं. सगळी नावं मागे एका डिरेक्टरीत ठेवली आहेत. हा तिथे विचारतो आणि उत्तर देतो. ही रचना मी केली. इतकी वर्षं ती आहे हेही कुणाला माहीत नव्हतं, आणि चांगल्या रचनेचं लक्षण तेच.

दिवाळी झाली आणि हे सुरू झालं. सकाळी केंद्रं उघडली की सर्व्हर नावं विसरतो. विचारलं तर गप्प. थोड्या वेळाने आपोआप शुद्धीवर येतो. मी द्वारकेहून नोएडाला पोचेपर्यंत सगळं गोड! सर्व्हरच्या नोंदींचा लॉग बघावा तर तो सकाळी नव्याने सुरू झालेला. म्हणजे सर्व्हर कोसळतो आणि मी लिहून ठेवलेला पहारेकरी प्रोग्रॅम त्याला उठवतो. पण कोसळतो का?

अंशुमन सरांना विचारलं. ते आमचे आयटी हेड. म्हटलं, नेटवर्कमध्ये काही बदललंय का?

"कुछ नहीं बदला, सुखदा जी. आपका सेटअप पुराना हो गया है, बस."

पुराना म्हणे! सर्व्हर रूममध्ये गेले तर नेटवर्कची ये-जा तपासणाऱ्या नव्या फायरवॉलच्या खोक्यावर दिवाळीतली झेंडूची माळ अजून तशीच. वाळून चुरा पडतोय खालच्या मशीनवर. ती काढायचं कुणाला सुचत नाही, आणि सेटअप माझा जुना.

बुधवार, १३ नोव्हेंबर

डिरेक्टरीतला शोध वेगवान केला. सकाळी पुन्हा तेच.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सर्व्हरची मेमरी दुप्पट केली. सकाळी पुन्हा तेच. संध्याकाळी राधाने विचारलं, "मम्मा, तू गुस्सा आहेस का?" म्हटलं, रागावलेली आहे, मराठीत बोल. "तेच ना," म्हणाली.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सासूबाईंना आज साखर तपासायला आमच्याच द्वारकेच्या केंद्रावर पाठवलं. घरी आल्या त्या खुशीत. म्हणाल्या, "अगं, आम्ही बसलो होतो उपाशी, मशीन काही चालेना. तो काउंटरवरचा नीरज आहे ना, त्याने कुणाला तरी फोन केला. 'बस, पाच मिनट आंटी' म्हणाला आणि खरंच सुरू झालं की! चांगली आहे हो तुमची कंपनी."

हे महत्त्वाचं आहे म्हणून लिहून ठेवते. बिघाड काही मिनिटांत आपोआप दुरुस्त होतो. म्हणजे सकाळच्या गर्दीचा ताण पडतो, तो ओसरला की ठीक. सोमवारी दुसरा सर्व्हर जोडून ताण वाटून टाकते. आता सापडेल.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सापडलं नाही. आता दोन्ही सर्व्हर नावं विसरतात.

हवा इतकी वाईट की समोरच्या सोसायटीची टाकी दिसत नव्हती. निम्मं ऑफिस घरून काम करतंय. मी मात्र मास्क लावून मेट्रोच्या ब्लू लाइनने या टोकाहून त्या टोकाला, कारण घरून बघितलं तर सासूबाई विचारतात, "अजून बिघडलेलंच का?"

ऑफिसात चेतना होती. हेल्पडेस्कवरची. वाशीमची मुलगी, मुलगी म्हणजे तिशी उलटलेली. यूपीएससीसाठी दिल्लीला आली, सगळे प्रयत्न संपले तेव्हा घरी जायची लाज वाटली म्हणून इथे कंत्राटावर लागली. पहाटेची पाळी तिची. केंद्रांचे फोन तिच्याकडे येतात. स्वभावाने बरी आहे पण तांत्रिक पाया कच्चा.

मी डोकं धरून बसले होते, तर चहा घेऊन आली. "मॅडम, सकाळी हे असं होते ना, तवा मी काय करते..."

"चेतना, तू आधी तक्रारींची तिकिटं नीट भर," मी म्हटलं. "सकाळी काय झालं हे तुझ्या तिकिटात कधीच नसतं. नुसतं 'सुटलं' लिहितेस. मी काय समजायचं त्यातून?"

ती म्हणाली, "लोक उपाशी असतात मॅडम. लिवायला वेळ कुठं."

सगळ्यांना फक्त सबबी सुचतात. अंशुमन सर मात्र आज पहिल्यांदा प्रेमाने बोलले. म्हणाले, "आप अकेली कितना करेंगी? जो भी गड़बड़ दिखे, किसने क्या किया, सब मुझे मेल में लिखती रहिए. आपकी सेफ़्टी के लिए." निदान कुणाला तरी माझी काळजी आहे.

बुधवार, २० नोव्हेंबर



ठरवलं होतं की बिघाड होताना डोळ्यांनी बघायचा. सकाळी उठून लॅपटॉप घेतला आणि थेट आमच्या द्वारकेच्या केंद्रावर जाऊन बाकावर बसले. सासूबाई मागे लागून बरोबर आल्या, त्यांना शनिवारचा रिपोर्ट घ्यायचा होता आणि गप्पाही मारायच्या होत्या. केंद्र उघडलं. पहिला माणूस काउंटरवर गेला आणि संगणकाचा पडदा अडकला. मी सर्व्हरला नाव विचारलं. गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. पण सर्व्हर कोसळला नव्हता! जिवंत होता आणि बोलत नव्हता. पहारेकरी प्रोग्रॅमला तो जिवंत दिसत होता, म्हणून तो ढिम्म. मग रोज त्याला उठवतो कोण?

तेवढ्यात काउंटरवरच्या नीरजने फोन लावला. "चेतना मैडम, फिर अटक गया."

आणि माझ्या डोळ्यांसमोर सर्व्हर बंद झाला, पुन्हा चालू झाला, आणि पडदा उघडला. सासूबाई म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

मी नीरजच्या हातातून फोन घेतला. "चेतना, तू माझा सर्व्हर रीस्टार्ट केलास?"

"मॅडम? हो... पॅनेलवर बटन आहे ना, त्याच्यावरून. रोजच तर..."

"रोज! कुणाला विचारून? मी दहा दिशांनी शोधतेय, आणि तू रोज सकाळी सगळे पुरावे पुसून टाकतेस?"

"तुमाला सांगणार होते मी मॅडम..."

पुढचं काय काय बोलले ते लिहीत नाही. बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. सासूबाई परत येताना रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसल्या.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

रात्रभर विचार केला. रोज सकाळी अडतं, रोज हीच मुलगी सोडवते, आणि सगळ्या केंद्रांवर 'चेतना मैडम, चेतना मैडम' होतं. कशावरून अडवणारीही तीच नसेल? कंत्राट डिसेंबरात संपतंय. आपली गरज दाखवायला माणूस काय वाटेल ते करतो.

अंशुमन सरांना मेल केला. संशय लिहिला नाही, फक्त वस्तुस्थिती लिहिली: चेतनाने परवानगीशिवाय रोज सर्व्हर बंद-चालू केला. सरांचं लगेच उत्तर: "Very helpful." बरं वाटलं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

चेतनाची खुर्ची रिकामी. तिचा पासवर्ड कालच बंद केला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं, असं कळलं. मला वाटलं होतं की ताकीद देतील. पण तो निर्णय माझा नव्हता.

आज सकाळी अंशुमन सरांच्या माणसाने फोन घेतले म्हणे. अर्धा तास सगळं बंद होतं, मग त्यानेही तेच बटण दाबलं. म्हणजे चेतना नसतानाही सर्व्हर अडला.

म्हणजे ती अडवत नव्हती.

उद्या पहिली कॅब घेऊन ऑफिसला जाते. सरांच्या माणसाला म्हटलं, उद्या तू येऊ नकोस, बटणाला कुणी हात लावायचा नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर

ऑफिसात मी एकटी. केंद्रं उघडली. सर्व्हर गप्प झाला.

हेच हवं होतं मला. नावं सांगणाऱ्या सर्व्हरला विचारलं, डिरेक्टरीशी तुझं कनेक्शन आहे? आहे, चालू आहे. मग डिरेक्टरीच्या मशीनवर गेले. तुझ्याशी कोण जोडलेलं आहे? कुणीच नाही. एकजण रिसीव्हर कानाला लावून बसलाय आणि दुसऱ्याने कधीच ठेवून दिलाय, असा प्रकार.

आणि मग चेतनाच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला.

मला माहीत होतं की बटण दाबलं की सगळं सुरू होईल. नवं कनेक्शन जोडलं जाईल आणि काय झालं होतं याची खूणही राहणार नाही. उद्या पुन्हा हेच. मी फोन वाजू दिला. दोन मशीनच्या मधे कोण आहे ते शोधायला लागले. फोन थांबला, पुन्हा वाजला. गाझियाबाद. मग फरिदाबाद. मग द्वारका. मग परत गाझियाबाद. मी मनात म्हणत होते, पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं थांबा, उद्यापासून कुणालाच थांबावं लागणार नाही.

मधे ती माळ घातलेली फायरवॉल होती. मला सांगितलं होतं की ती फक्त बाहेरच्या इंटरनेटसाठी आहे. पण दिवाळीच्या सुट्टीत डिरेक्टरीसुद्धा तिच्या पलीकडे नेऊन ठेवली होती, आणि ते मला सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती. रात्री लॅब बंद, कुणी कुणाशी बोलत नाही. बराच वेळ शांतता दिसली की फायरवॉल ते कनेक्शन गुपचूप तोडते, दोघांपैकी एकालाही न सांगता. सकाळी माझा सर्व्हर त्या तुटलेल्या तारेवर विचारत बसतो आणि उत्तराची वाट बघतो. कोसळत नाही, विसरत नाही. वाट बघतो.

सगळ्या नोंदी उतरवून घेतल्या. दोन मशीननी शांततेतही अधूनमधून एकमेकांना हाक मारत राहावं अशी सोय केली, आणि मग रीस्टार्ट. फोन गप्प झाला. मी उठून खोलीत नाचले. खरंच नाचले, एकटीच.

फोन पुन्हा वाजला म्हणून घेतला. गाझियाबादच्या केंद्रावरचा माणूस होता. "मैडम, आप लोग फ़ोन क्यों नहीं उठा रहे थे? यहाँ एक माताजी गिर गई हैं."

इंदुमती देवी. मधुमेह. आदल्या संध्याकाळपासून उपाशी, रांगेत उभ्या. चक्कर येऊन काउंटरच्या कडेवर पडल्या. हनुवटीला टाके पडले, दवाखान्यात ठेवलंय.

रविवार, २४ नोव्हेंबर

गाझियाबादला जाऊन आले. इंदुमती देवी उशाला टेकून बसल्या होत्या, बोलता येत नव्हतं नीट. त्यांच्या सुनेला वाटलं मी मुख्य लॅबमधली नर्स आहे. मी तसंच वाटू दिलं. सूनबाई म्हणाली, "रोज तो वो मैडम फ़ोन पे कह देती थीं कि जिनको शुगर है उनको पहले बिठाओ, बिस्कुट पास रखो. कल किसी ने कुछ कहा ही नहीं." तिचे सासरे डायलिसिसवर आहेत, त्यांच्या तपासण्यांसाठी ती नेहमीच केंद्रावर असते.

घरी आले. सासूबाईंनी ताट वाढलं. मग आपल्या खोलीत गेल्या.

सोमवार, २५ नोव्हेंबर

आज सर्व्हर अडला नाही. गेल्या कित्येक दिवसांत पहिली सकाळ. आनंद व्हायला हवा.

अंशुमन सरांना रिपोर्टचा मसुदा दाखवला. त्यांनी वाचला, दरवाजा लावला.

"सुखदा जी, फ़ायरवॉल का नाम लिखना ज़रूरी है? 'कनेक्टिविटी इश्यू' लिख दीजिए ना."

"इश्यू फायरवॉल का ही था, सर. और डिरेक्टरी को उसके पीछे ले जाना..."

"मुझे पता है क्या था." मग हसले. "देखिए, मैनेजमेंट के पास आपका मेल पहले से है. लड़की बिना परमिशन सर्वर छेड़ती थी, आउटेज हुआ, लड़की हटा दी. स्टोरी पूरी है. आप इसमें कहीं नहीं हैं. और पुराना सेटअप हटाकर बाहर की कंपनी को देने का प्रपोज़ल भी तैयार है. उसमें भी आपका मेल लगाया है."

माझी सेफ्टी ती हीच. किती वेळ कळलं नाही मला. 

"चेतना ने छेड़ा नहीं," मी म्हटलं. "चेतना ने चलाया."

"वही तो आपने लिखा था," ते म्हणाले, "दूसरे शब्दों में."

बुधवार, २७ नोव्हेंबर

विक्रांत म्हणाला, "नोकरी जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. तो म्हणाला, "असं नाही, नीट लिहून दे, म्हणजे जाणार नाही." काल संध्याकाळी त्याने शेजारी बसून माझा रिपोर्ट वाचला. सर्व्हरचं नाव काढू नकोस म्हणणाऱ्या माणसाने कनेक्शन म्हणजे काय, तुटतं म्हणजे काय, सगळं विचारून घेतलं.

आज तो रिपोर्ट थेट कंपनीच्या मालकीणबाईंना, डॉक्टर हेमलतांना दिला. फायरवॉल, डिरेक्टरी, चेतना, माझा मेल, सगळं. शनिवारी फोन मी उचलला नाही हेही. त्या पॅथॉलॉजिस्ट आहेत, सर्व्हर कळत नाही त्यांना. शेवटचं पान दोनदा वाचलं.

"आपने फ़ोन जानबूझकर नहीं उठाया?"

"जी."

"उठातीं तो कारण मिलता?"

"नहीं मिलता. मगर माताजी नहीं गिरतीं." मग म्हटलं, "फोन उठाकर इतना तो कह सकती थी कि बैठ जाइए, वक़्त लगेगा. वो भी नहीं सूझा."

त्यांनी रिपोर्ट मिटला. चेतनाला परत बोलवा, कायम करा, असं म्हणाल्या. बाहेरच्या कंपनीचा प्रस्ताव बाजूला ठेवला. अंशुमन सरांना काय म्हणाल्या ते माहीत नाही, पण संध्याकाळी ते कॉरिडॉरमध्ये नव्या अॅपच्या कामाचे प्रमुख म्हणून अभिनंदन स्वीकारत होते. मलाही हसून 'हॅलो' केलं. असो.

शनिवार, ३० नोव्हेंबर

चेतना फोन उचलत नव्हती. मेसेज केला तेव्हा उत्तर आलं: कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनाच्या, म्हणजे आपल्या राज्याच्या अतिथिगृहाच्या, कॅन्टीनमध्ये या. गावाकडचे कुणीतरी तिथे उतरले होते, त्यांना भेटायला ती आली होती.

मी आधी पोचले. ती आली, समोर बसली. चहा मागवला. मी सगळं सांगितलं, फायरवॉल, माळ, तुटलेलं कनेक्शन. ती नीट ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे मी बटन दाबलं की नवीन जोडलं जायचं. म्हणून चालायचं."

"हो. आणि खूण पुसली जायची."

"मला वाटे तुम्हाला माहीत असंल. तुमचाच तर सर्व्हर."

मी म्हटलं, "चेतना, माझं चुकलं. मी तुला बोलू दिलं नाही. आणि तो मेल मी लिहिला."

"माहीत आहे मॅडम. काढताना त्यांनी मला वाचून दाखवला."

मग मी घाईघाईने कायमच्या नोकरीचं सांगितलं. तिने मान हलवली. गुडगावच्या एका रुग्णालयात मदतकक्षात तिला काम मिळालंय, सोमवारपासून. मी म्हटलं, इथे पदही मोठं असेल, तुला तांत्रिक बाजूही शिकवते.

"नको मॅडम. मला सर्व्हरमधलं काही करायचं नव्हतं. फोनवर माणूस घाबरलेलं असते, त्याला नीट सांगावं लागते, तेवढंच मला येते." मग जरा थांबून म्हणाली, "त्या माताजी बऱ्या आहेत का?"

"टाके निघाले. घरी गेल्या."

"केंद्रावरच्यांनी सांगितलं, तवा मी फोन केला होता त्यांच्या सुनेला. तरी म्हटलं तुम्हाला विचारावं."

ती उठली. तिच्या चहावर साय आली होती. रागावलेली वाटली नाही. 'येते मॅडम' म्हणाली, आणि गेली. मोठ्या रुग्णालयात पगारही जास्त असणार. प्रगती झाली तिची, हे चांगलंच आहे.

घरी आल्यावर सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "प्रगती कसली," म्हणाल्या, "तुझ्याकडे काम करायचं नाही तिला." आणि मटार सोलत बसल्या. मीही सोलायला बसले. थोड्या वेळाने त्यांनी आपल्या पुढ्यातल्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या.

सोमवार, २ डिसेंबर

चेतनाच्या जागी माणूस मिळेपर्यंत पहाटेची पाळी मी घेते, असं कळवलं. कुणी हरकत घेतली नाही.

सर्व्हर अडला नाही. तरीही फोन थांबेना. फरिदाबादचा प्रिंटर. द्वारकेत एका बाळाची शीर सापडत नाही, त्याचं मी काय करू? पण नीरज म्हणाला, "चेतना मैडम माँ से बात कर लेती थीं." केली मग. आईला म्हटलं, बाळाला जरा पाणी पाजा, फिरवून आणा. काय बोलतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. थोड्या वेळाने नीरजचा मेसेज आला, मिल गई.

मग एक म्हातारबुवा. थेट नंबर त्यांच्याकडे कसा गेला कोण जाणे.

"बेटी, ख़ून तो दे दिया. अब चाय पी लूँ?"

मी सर्व्हर बघते, तुम्ही केंद्राला विचारा, असं सांगणार होते. त्यांना थांबायला सांगितलं, दुसऱ्या फोनवरून केंद्राला विचारलं, आणखी काही नमुना द्यायचा नाही ना याची खात्री केली.

"पी लीजिए, बाबूजी."

फोन ठेवला नाही त्यांनी. पलीकडून कपबशीचा आवाज आला, मग आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, "चीनी डाल के?"

"फीकी," मी म्हटलं.

"अच्छा," ते म्हणाले, खूप नाराजीने. तोवर दुसरी लाइन वाजत होती, ती घेतली.